अंगाची खोटी साक्ष

कडाव, १२ ऑगस्ट १९७४

हिचे गुडघे कुरकुरतात, म्हैस बरी आहे, मी ठणठणीत. अमेरिकेतून पुतण्या मधूचं पत्र आलं. या शनिवारी त्याची ढगातून विमान चालवायची परीक्षा. लिहितो, ढगात अंग फसवतं, फक्त समोरच्या यंत्रांच्या काट्यांवर विश्वास ठेवायचा. आणि मी गेल्या पत्रात काय शिकवलं? बांधावर चालतोस तसं अंगाचं ऐक!

खरं का ते पडताळायला ओटीवर डोळे मिटून गरगर फिरलो, मग थांबलो. अंग म्हणे, आता उलटा फिरतोयस. साठ वर्षं ज्या अंगावर भिस्त, ते असं बेमालूम खोटं बोलतं? मी आपला थक्क!

ही हसली, "इमानात कंदी बसला नाय तुमी, नि शिकवताय त्याला!"

उद्याच कर्जतला जाऊन तार करतो: मधू, माझं ऐकू नको, काट्यांचं ऐक. उतरलास की लगेच लिही.