धाकटीच्या नावे

मी, खाली सही करणारी, शिवणकाम करून पोट भरलेली बाई, विधवा, मूलबाळ नसलेली, वय बहात्तर, हे राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तशी चिठ्ठी दिली आहे. ती देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. वार मी सांगितला, आणि तुमच्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर आखूड आहे, हेही सांगितले. त्यांनी दोन्ही हात पुढे करून पाहिले आणि चिठ्ठीवर सही केली.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणायला आले होते, त्यांचा उल्लेख पुढे येईल. गेल्या वर्षी केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. ते का रद्द केले तेही पुढे येईल, तेव्हा वाचणाऱ्याने मधले काही गाळू नये.

एक. शिलाई मशीन आणि मोठी कात्री शेजारच्या सुनेला द्यावी. तिचा हात सरळ चालतो, तोंड तिरके चालते. पण मशीनला तोंडाशी काय कर्तव्य? कात्रीने तिने कागद कापून धार घालवली तर दिलेली वस्तू परत घेण्याची सोय कायद्यात नाही, याचे मला वाईट वाटते.

दोन. बँकेत जे आहे त्यातून माझे दफन करावे. पेटी साधी असावी. उरेल ते धाकटीचे. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, जी अकरा वर्षे माझ्याजवळ राहते.

तीन. नाटकाचे कपडे. आमच्या चर्चमध्ये दरवर्षी प्रभूच्या दुःखसहनाचे, क्रूसावरच्या मरणाचे नाटक होते. त्याचे सगळे कपडे मी माझ्या कापडातून शिवले, म्हणून ते माझे आहेत. ते नाटक करणाऱ्यांनाच राहू द्यावेत. प्रभूच्या झग्याला शिवण नव्हती असे पवित्र शास्त्रात आहे. बिनशिवणीचा झगा शिवणे कोणाच्या बापाला जमायचे नाही. मी शिवण काखेत लपवली आहे, धुताना जपावे.

महायाजकाचा झगा मात्र यातून वगळते. तो चर्चच्या पंच मंडळाच्या अध्यक्षांना वैयक्तिक भेट म्हणून द्यावा. महायाजकाचे काम वर्षानुवर्षे तेच करतात, कारण त्यांचा आवाज मोठा आहे आणि लोकांचा न्याय करायची त्यांना सवय आहे. नाटकात महायाजक प्रभूकडे बोट करून "याने देवाची निंदा केली, आता साक्षीदार कशाला हवेत?" असे ओरडतो आणि अंगावरचा झगा फाडतो. दरवर्षी नवा झगा कुठून आणायचा? म्हणून मी छातीवरची शिवण कच्च्या टाक्याने घालत असे. ओढली की टरकन उसवते, लोक हादरतात, कापडाला इजा होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाके घालून ठेवायचे.

ज्या वर्षी धाकटीला चर्चमधून काढले, त्या वर्षी मी ती शिवण दुहेरी दोऱ्याने मशीनवर तीनदा मारली. अध्यक्षांनी झगा ओढला. पुन्हा ओढला. मग गुडघा वर घेऊन ओढला. मागच्या बाकावर कोणी तरी हसले, आणि मग सगळे चर्च हसले. समोर हात बांधलेला प्रभूही मान खाली घालून खांदे हलवत होता.

नाटकानंतर अध्यक्ष कपड्यांच्या खोलीत आले. म्हणाले, "मावशी, या वर्षी हात चुकला वाटतं तुमचा."

मी म्हटले, "हात नाही चुकला, साहेब."

त्यानंतर माझ्याकडे चर्चचे एकही शिवण आले नाही. त्याची खंत नाही. झग्याची ती शिवण अजून तशीच आहे, अध्यक्षांनी घरी निवांत ओढून पाहावी.

चार. घर. हे नीट सांगावे लागेल.

धाकटी चर्चची झाडलोट करी आणि मागच्या खोलीत राही. एका वर्षी थंडीत गरिबांसाठी ब्लँकेटे आली. धाकटीने भर सभेत उभे राहून विचारले, "ती ब्लँकेटं अध्यक्षांच्या दुकानात विकायला कशी आली?" अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. पंधरवड्याने प्रभुभोजनाला द्राक्षरस द्यायचा चांदीचा प्याला कपाटात नाही, अशी बोंब झाली. कपाटाची किल्ली धाकटीकडे असे.

मंडळाने तिला बोलावले. मी दाराबाहेर उभी होते, आतले शब्दन् शब्द ऐकले. एक साक्षीदार म्हणाला तिला गुरुवारी पाहिले, दुसरा म्हणाला शनिवारी. घंटा वाजवणारा म्हणाला, "शालीखाली काही तरी होतं. प्यालाच असावा." घंटा वाजवणाऱ्याची नोकरी अध्यक्षांच्या हातात आहे, हे मला तेव्हाही माहीत होते. त्याचा राग मी कोणाच्या नावे करत नाही, सोबत नेणार आहे.

धाकटी एवढेच म्हणाली, "ज्या देवासमोर बसून विचारताय, त्याला माहीत आहे." तिला त्यांनी उद्धट ठरवले. खोली गेली, काम गेले, प्रभुभोजन बंद झाले, आणि पुढच्या रविवारी हे सगळे पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून वाचून दाखवले. प्रभूचा झगा कोणी घ्यायचा यासाठी क्रूसाखालच्या शिपायांनी निदान चिठ्ठ्या टाकल्या होत्या. इथे खोली सरळ अध्यक्षांच्या मेहुण्याला मिळाली.

आठ महिन्यांनी सोनार स्वतः प्याला घेऊन चर्चमध्ये आला. "मोडलेली दांडी डाग देऊन, जोडून कधीची तयार आहे," तो म्हणाला, "अध्यक्ष देऊन गेले ते न्यायलाच आले नाहीत." मी ताबडतोब पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, सत्य मला कळलंय. पण मंडळाचा निर्णय आहे. योग्य वेळी पाहू." वाईट माणूस नव्हे. पण योग्य वेळ काही आली नाही, आणि प्याला ते दर महिन्याला त्याच हातांनी उचलतात.

घर चर्चला लागून आहे. रविवारी भिंतीपलीकडून गाणे सुरू झाले की धाकटी भांडी घासता घासता खालचा सूर धरते. मला त्याचा राग येतो आणि रडूही येते.

गेल्या वर्षी माझे दुखणे वाढले तसे अध्यक्ष फळे घेऊन आले. "मावशी, तुमच्यामागं घर बघणार कोण? देवाच्या कामी लावा. हॉल बांधू, तुमच्या नावाची पाटी लावू." धाकटी समोर बसली होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

मी तेव्हा हुशारी केली. मृत्युपत्रात लिहिले की घर चर्चला जाईल, पण एका अटीवर: धाकटीला पहिल्या बाकावर बसवून, ती निर्दोष आहे असे मंडळाने व्यासपीठावरून जाहीर वाचावे. मला वाटले, साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. मी ते तिला मोठ्या हौसेने वाचून दाखवले.

ती मग म्हणाली, "ताई, तेव्हा खोलीसाठी मला चोर म्हणाले. आता घरासाठी साव म्हणतील. त्यात माझं काय?"

"तुझं नाव निघेल ना त्यातून."

"असं नको. फुकट म्हणतील तर म्हणू देत. विकत घेऊन तू मला खोटं पाडशील."

म्हणून ती अट आणि ते मृत्युपत्र दोन्ही रद्द. घर, अंगण, पाण्याची टाकी, भिंतीसकट, बिनशर्त धाकटीचे. तिने ते विकावे, ठेवावे, वाटले तर उद्या चर्चला द्यावे. तिला कोणी विचारू नये.

पाच. हा कागद वकील सगळ्यांसमोर वाचतील, आणि अध्यक्ष घराच्या आशेने हजर असतील असे धरून मी इथे स्वतःच्या जबाबदारीवर लिहिते: माझ्या बहिणीने प्याला घेतला नाही. यासाठी मी कोणाला काही देत नाही आणि कोणाकडून काही मागत नाही.

माझ्या दफनाच्या उपासनेत धाकटीला गायचे असेल तर तिला आत गाऊ द्यावे. नाही दिले तर पेटी अंगणात ठेवावी, तिथेच आटोपावे.

वर लिहिलेले मी वाचले, मला मान्य आहे. माझ्या शिवणाच्या खोलीत, रविवारी, उपासना सुटल्यावर सही करते.

(सही) शिवणकाम करणारी

साक्षीदार पहिला: बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. बाही दुरुस्त करून मिळाली.
(सही) डॉक्टर

साक्षीदार दुसरा: डॉक्टरांकडून कळले की बाईंना आणखी एक साक्षीदार हवा आहे आणि कोणी तयार नाही, म्हणून आलो. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते असे बाई म्हणाल्या, तरी मी सगळा वाचला. बाईंनी माझ्यासमोर सही केली, हे मी डोळ्यांनी पाहिले. शालीखाली मी काहीही पाहिले नव्हते.
(सही) घंटा वाजवणारा