आग शून्य

जानकीपुरम, लखनऊ
३ नोव्हेंबर २०२४

ती. कांचनताईस दादारावचा सप्रेम जयभीम. वि. वि.

या ऋतुबदलासाठी माझ्या हातून काय काय तयार झालं ते लिहितो. कडुनिंबाच्या साबणाच्या एकशे दहा वड्या, सावलीत अठ्ठावीस दिवस वाळवलेल्या. मसूर आणि संत्र्याच्या सालीचं उटणं, दोनदा वस्त्रगाळ. तू वर्ध्याहून पाठवलेल्या जवसाचं तेल आणि बख्शी का तालाबकडून आणलेलं पोळ्याचं मेण, वर थोडी हळद, यांचं मलम, चौसष्ट डब्या. शिवाय ते घोटायचं यंत्र, जुन्या मिक्सरच्या मोटरवर बांधलेलं. विकतच्या फक्त डब्या.

दिवसा मी औषध संशोधनाच्या आवारात वायरी जोडतो आणि दहावीपुढे शाळा पाहिलेली नाही, हे खरं. पण तिथले पीएच.डी. झालेले लोक हिवाळा लागला की माझ्याकडे डबी मागतात. कारण मी नुसतं मलम देत नाही. इथे पछुआ, म्हणजे पश्चिमेचा कोरडा वारा सुटला की कातडी फुटते. अशा वेळी आंघोळीचं पाणी किती कोमट, जेवणात तीळ किती, झोप किती, हे सगळं मी माणूस पाहून लिहून देतो.

तुझी भावजय माया ठीक आहे. तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर एक फिकट चट्टा आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी रुपयाएवढा होता, आता पसरलाय. पण आधी चुरचुरायचा. यंदा मलम लावताना विचारलं, तर म्हणाली काहीच होत नाही. तारीख टाकून वहीत नोंद केली, 'आग शून्य', आणि शेजारी तिच्या हाताचा फोटो चिकटवला. चौकात चिकनकारी कुर्त्यांचं दुकान असलेला राजेश वही पाहून म्हणाला, भाईसाहब, हे दोन शब्द तर डबीवर छापायला हवेत.

सोनू कॉलेजात जाते. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर. लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.

तुझा दादाराव


वर्धा
१२ नोव्हेंबर २०२४

चि. दादारावास ताईचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या पद्मिनीला वाचून दाखवलं. म्हटलं, आमचे वैद्यबुवा मसूरसुद्धा मोजून दळतात. लहानपणी रेडिओ उघडून बसायचास ते आठवलं. परत जोडलास की दोन स्क्रू उरायचेच, आणि ते कंपनीने जास्तीचे घातले होते असं तू आईला पटवून द्यायचास.

पण तुझी एक ओळ मला झोपू देईना. आग शून्य. बापा, बत्तीस वर्षं मी आरोग्य केंद्रात नर्स होते. फिकट चट्टा, आणि त्यात काहीच होत नाही म्हणजे मला कुष्ठरोगाची शंका येते. नाव वाचून घाबरू नकोस. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि माणूस पुरता बरा होतो. मात्र उशीर झाला आणि शीर मेली तर बोटं वाकतात, ती गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

मायाला डोळे मिटायला सांग. चट्ट्यावर कापूस हलकेच फिरव आणि विचार, कळलं का. एका मिनिटाचं काम आहे. आणि कळो न कळो, डॉक्टरांना दाखव. मला उलट टपाली लिही.

तुझी ताई


जानकीपुरम, लखनऊ
२४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मायाला दाखवलं नाही. वहीच्या कव्हरात ठेवलं आहे.

तू मोठी आहेस, म्हणून एवढंच लिहितो की मला वाईट वाटलं. माझ्या मलमाला गुण आला, तर त्यातही तुला रोग दिसावा? ही शंका उद्या कुणाच्या कानी गेली, तर माझी डबी कोण हातात घेईल? चट्टा कोरडेपणाचा आहे. पछुआ थांबला की मार्चमध्ये भरून येईल. मी हळदीचं प्रमाण दुप्पट केलं आहे, रोज दोन वेळा लावतो, वेळ लिहून ठेवतो.

तिच्या हातून सुई निसटते आणि करंगळी आखडते, ते थंडीनं. उलट हात असा कणखर झालाय की तव्यावरची पोळी चिमट्याशिवाय उलटते. सोनूला त्याचं फार कौतुक. तेव्हा दवाखान्यातले प्रकार माझ्या घरात नकोत. राग मानू नकोस.

दादाराव


जानकीपुरम, लखनऊ
२० एप्रिल २०२५

ती. कांचनताईस,

डिसेंबरमधलं आणि फेब्रुवारीतलं, तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती. उत्तर दिलं नाही. आज देतो.

गेल्या मंगळवारी माया चहाचं पातेलं उतरवून ओट्याशी उभी होती, सोनूशी बोलत. डावा हात तापलेल्या शेगडीच्या कडेला टेकलेला. सोनूला वास आला. ती ओरडली, "पापा, मम्मी का हाथ जल रहा है, और इनको पता ही नहीं।" मी धावलो, ताई. मलम आणायला. त्या वेळीही मलमच.

मग सोनू तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. मी मागून स्कूटरवर गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मायाला डोळे मिटायला सांगितलं आणि कापूस फिरवला. मी समोर उभा होतो, मोजत होतो. सहा वेळा फिरवला. डोळे मिटलेली माया म्हणाली, "हाँ जी, शुरू कीजिए।"

वर्षभर गोळ्या आहेत, रोग जाईल. करंगळी आणि शेजारचं बोट मात्र बहुधा असंच वाकलेलं राहील. हिवाळ्याच्या सुरुवातीला आणलं असतं तर, एवढं बोलून बाई कागद लिहू लागल्या. मला तुझ्या पत्राची तारीख पाठ आहे.

घरी आल्यावर मायाने वही मागितली. किती दिवस, कधी कधी लावलं, ते तिला बघायचं होतं. कव्हरातून तुझं पत्र निघालं. तिने ते सावकाश वाचलं आणि घडी घातली. डब्या फुटू नयेत म्हणून मी खोलीत कापसाचं अख्खं पोतं ठेवतो. त्याच्याकडे बघत म्हणाली, "घरात कापूस नव्हता का हो?"

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते. गोळी सोनूच्या हातून घेते. मी पुढे केलेली ओट्यावर तशीच राहते. दोन हिवाळे मी तो हात रोज हातात घेतला, ताई, आणि त्या हाताला मी कळतच नव्हतो. वहीत मात्र एक दिवस चुकलेला नाही.

काल घोटायचं यंत्र सुटं केलं. स्क्रू मोजले नाहीत.

माझ्यावर लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही. मायावर ठेव. जमलं तर ये, तिला तुझ्याशी बोलायचं असेल.

दादाराव

ता. क. राजेश आज सकाळी आला होता. त्याला यातलं काही ठाऊक नाही. मलमाची कृती, ती वही, आणि डबीवर मायाच्या हाताचा फोटो टाकून खाली 'आग शून्य' छापायची परवानगी, एवढं मागत होता. मी नाही म्हणालो. साडेचार लाख देत होता.