कोंबड्यांचा वर्ग

ता. ९ फेब्रुवारी

सौ. हिस,

अ. उ. आ. आशीर्वाद देण्याच्या मनःस्थितीत मी नाही, पण पत्राची सुरुवात कुठून तरी करावी लागते.

धाकट्या बहिणीचा पाय मोडला म्हणून तू तिच्याकडे गेलीस, हे समजण्यासारखं आहे. तो पाय प्लास्टरमधून कधी निघणार, हे मात्र मला कुणीच कळवत नाही. इकडे तुझ्या चार कोंबड्या माझ्या गळ्यात पडल्या आहेत. शाळा-तपासनीस म्हणून अख्खी नोकरी केली, गावोगावचे ढ वर्ग डोळ्यांखालून घातले, पण इतका निर्बुद्ध वर्ग पाहिला नव्हता.

भुरी, कवडी, ठमी, मास्तरीण ही नावं उच्चारण्याचा पोरकटपणा मला जमणार नाही. मी त्यांना क्रमांक दिले आहेत. क्रमांक एक सगळ्यांना टोचते आणि त्यालाच काम समजते. क्रमांक दोन दिवसभर कोपऱ्यात उकरते, काय सापडलं ते विसरते आणि पुन्हा तिथेच उकरते. क्रमांक तीन पाण्याच्या भांड्यात दोन्ही पाय घालून उभी राहते आणि तेच पाणी पिते. क्रमांक चारने अंडं घातलं की असा गवगवा, जणू हा प्रकार जगात आजच सुरू झाला.

संध्याकाळी त्यांना खुराड्यात घालताना माझ्या नाकी नऊ येतात. छत्री घेऊन मी मागे आणि त्या अंगणभर पुढे. शेजारचे वकील कठड्याला कोपरं टेकून हा तमाशा बघतात. काल त्यांनी विचारलं की खात्यात माझ्याकडे क्रीडा विभागही होता का. ज्या माणसाला स्वतःचा कुत्रा ओळखत नाही, त्याने हे विचारावं.

परतीची तारीख उलट टपाली कळव. चहा मीच करतो आणि तो पिण्यासारखा नसतो.

कळावे. लोभ जिथल्या तिथे आहे, सध्या त्यावर कोंबड्यांनी घाण केली आहे इतकंच.

तुझे यजमान

•

ता. १६ फेब्रुवारी

अहो,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग मनातल्या मनात घातला आहे. इथे जमिनीवर सगळीकडे कापडाचे तुकडे आहेत, आडवं व्हायला जागा नाही.

आधी ती छत्री ठेवून द्या. कोंबडीला उघडी छत्री म्हणजे घार वाटते. तुम्ही रोज संध्याकाळी घार होऊन त्यांच्या मागे लागता आणि वर त्यांची अक्कल काढता. त्यांना हाकलायचं नसतं, बोलवायचं असतं. उजेड असतानाच खुराड्यात मूठभर दाणे टाका आणि बाजूला उभे राहा, तोंड मिटून. यातली शेवटची गोष्ट तुम्हाला जड जाईल.

पाण्याचं भांडं विटेवर ठेवा म्हणजे ठमी त्यात पाय घालणार नाही. अंड्याचं कवच मऊ यायला लागलं तर शिंपल्यांचा चुरा डाव्या डब्यात आहे. कोपऱ्यातली राख झाडून टाकू नका, त्यात लोळल्या की त्यांच्या अंगावरच्या उवा जातात. तुम्ही ती झाडलीच असणार. चुलीतली नवीन आणून टाका.

धाकटीचा पाय स्टुलावर आहे आणि तिचं शिलाई-मशीन पायाने चालतं, म्हणून मशीनवर मी बसते. आधी नुसती काजं करत होते, आता बाह्याही लावते. परवा एका बाईने दोन्ही बाह्या लांब करायला सांगितल्या. मी तिला दंडाला सैल करून घ्यायला सांगितलं, तर ती चक्क ऐकून गेली. मला रात्रीपर्यंत खरं वाटेना.

तारखेचं विचारलंत, ते राहिलंच. पोस्टाची वेळ झाली.

लोभ आहे तसा असू द्या, उगाच वाढवायला नको.

सौ.

•

ता. २ मार्च

सौ. हिस,

अ. उ. आ. आणि एक तक्रार. खरं तर तक्रारी अनेक आहेत, आशीर्वाद एकच.

क्रमांक दोन आजारी पडली असं मला वाटलं. ती खुराड्यात एकाच जागी फुगून बसली, खाईना, उठेना, हात लावला तर चोच मारी. मी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. तो आला, वाकला आणि मला म्हणाला की साहेब, ही खुडूक झाली आहे, हिला अंडी उबवायची आहेत. मी त्याला दाखवून दिलं की हिच्याखाली एकही अंडं नाही. तो म्हणाला की तिला त्याने फरक पडत नाही. रिकाम्या जागेवर छाती टाकून कवडी आजही बसली आहे. असल्या प्राण्याविषयी काय बोलावं!

आता मुख्य गोष्ट. ही तुझ्या बहिणीला वाचून दाखवू नये.

तुझे दाणे, तुझी वीट, तोंड मिटून उभं राहणं, सगळं करून पाहिलं. एक आत जाई, तीन बाहेर. मागच्या सोमवारी मी खुराडं धुवायला काढलं. माझे कपडे खराब होऊ नयेत म्हणून मागच्या दाराच्या खिळ्यावरचा तुझा तो निळा विटका गाऊन सदऱ्यावरून चढवला. अंगणात पाऊल टाकलं मात्र, चौघी कुठून कुठून धावत आल्या. उबवणारीसुद्धा उठून आली! माझ्या पायांत घुटमळल्या, गाऊनच्या खिशाकडे माना वर करून उभ्या राहिल्या, मी खुराड्याकडे चाललो तशा मागोमाग आल्या आणि एकेक करून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सदऱ्यावर गेलो. पुन्हा पळापळ. तिसऱ्या दिवशी गाऊन. पुन्हा शिस्तीत रांग. म्हणजे बघ, इतकी वर्षं हा माणूस याच घरात राहतो, यांच्यासमोर वावरतो, त्याला या ओळखत नाहीत. चिंधीला ओळखतात. आत मिशीवाला आहे की आणखी कुणी, याची एकीलाही पर्वा नाही!

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तुझ्या गाऊनमध्ये अंगणात उभा असतो. वकिलांनी परवा बायकोला हाक मारून गॅलरीत आणलं. माझ्या नोकरीत मी मुख्याध्यापकांना उभ्या उभ्या घाम फोडला आहे, आणि आता माझ्यावर ही वेळ.

तू ताबडतोब निघून ये. तुझ्याशिवाय या कोंबड्यांचं चालत नाही.

कळावे, लोभ राहावा आणि ही गोष्ट तुझ्याजवळच राहावी.

तुझे यजमान

•

ता. ९ मार्च

ती. भाऊजींस,

सा. न. वि. वि. पत्र ताईला आलं होतं, पण तिचे हात कापडात होते, म्हणून मी मोठ्याने वाचलं. तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. एक बाई हसून हसून माप द्यायला उभी राहू शकली नाही, तिला उद्या बोलावलं आहे.

निळा गाऊन तुम्हाला काखेत तंग होत असणार. आणून टाकलात तर घरच्या माणसाला म्हणून फुकट सैल करून देईन.

आता थट्टा पुरे. भाऊजी, माझं प्लास्टर फेब्रुवारीतच निघालं. मी जिना चढते-उतरते, काल बाजारात जाऊन अस्तर घेऊन आले. ताईने हे तुम्हाला लिहिलं नसेल तर ते विसरून नाही. मी तिला दुसरं मशीन घेऊन दिलं आहे, खिडकीजवळचं. तिने ते नको म्हटलं नाही. तुम्ही पत्रामागून पत्र कोंबड्यांचं पाठवता, ती वाचते, घडी करते आणि कामाला लागते.

तुम्ही मोठे, तुम्हाला मी काय शिकवणार. सगळं आयुष्य दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्यात गेलं तुमचं, स्वतःसाठी काही उरलं असेल तर ते आता वापरा.

माझ्यावरचा लोभ या पत्रानंतर कमी होणार, ते गृहीत धरलं आहे.

तुमची मेव्हणी

•

ता. ११ मार्च

अहो,

शि. सा. न. वि. वि. धाकटीने काय लिहिलं ते तिने मला दाखवलं. त्यात खोटं काही नाही.

कवडीला खुराड्यातून उचला आणि खाली मोकळी हवा लागेल अशा जाळीच्या पेटीत ठेवा, पाणी आणि दाणे देऊन. पोटाला गारवा लागला की तिचं ते वेड जाईल. तिला मूर्ख म्हणू नका. ती निदान बसली आहे तिथे मनापासून बसली आहे.

आता गाऊनबद्दल. तुम्ही कोंबड्यांवर इतके चिडलात की मला वाचताना गंमत वाटली. त्या गाऊनच्या खिशात मी दाणे ठेवत असे. गाऊन आला म्हणजे दाणे आले, पाणी आलं, झाकण लागलं. आत कोण आहे, तिचा गुडघा दुखतोय का, ती आज बोलत का नाही, याची चौकशी कोंबड्यांनी का करावी? त्यांची सोय झाली की झालं. त्यांना मी माफ केलं आहे, त्या कोंबड्या आहेत. पण इतकी वर्षं त्या घरात गाऊन ओळखणारं आणखीही कुणी होतं. गाऊन आला म्हणजे चहा आला. गाऊन दोन महिने दिसला नाही तर पत्रात काय येतं, तर चहा पिण्यासारखा होत नाही.

मी निघाले त्याच्या आदल्या रविवारी तुमचे खात्यातले जुने सोबती जेवायला आले होते. मी भुरीबद्दल काहीतरी सांगत होते. तुम्ही मला मध्येच तोडलंत आणि त्यांना सांगितलंत की आमच्या हिला आणि हिच्या कोंबड्यांना एकाच वर्गात बसवता येईल, फक्त निकाल कोंबड्यांचा चांगला लागेल. सगळे हसले. मी आत जाऊन दुसरी वाढणी घेऊन आले. तुम्हाला ते आठवणारही नाही, कारण तसं तुम्ही नेहमीच बोलता. दुसऱ्या दिवशी धाकटीचा पाय मोडल्याचा निरोप आला. खरं सांगते, तिच्यासाठी वाईट वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं.

कोंबड्यांचं माझ्याशिवाय चालत नाही, असं तुम्ही लिहिलंत. तुमचं चालतं का, ते लिहायला तुम्हाला लाज वाटली की सुचलंच नाही, ते मला कळायला मार्ग नाही. मला एक पत्र असं लिहा, ज्यात कोंबड्या नाहीत, चहा नाही, कुठला डबा कुठे आहे हे विचारलेलं नाही. लिहिता आलं तर पाठवा. नाही आलं तर शाईची बाटली वकिलांना देऊन टाका.

लोभाबद्दल काही लिहीत नाही.

कोंबड्यांच्या वर्गातली

•

ता. २५ मार्च

सौ. हिस,

अ. उ. आ. हा मजकूर पाचव्यांदा लिहितो आहे. आधीचे चार कागद मी स्वतःच तपासले आणि नापास केले. दोहोंत मी तुला समजावत होतो, एकात रागावलो होतो आणि चौथ्यात तिसऱ्या ओळीलाच चहा आला.

अट पाळून लिहायला बसलो आणि ध्यानात आलं की ते सगळं वगळलं तर तुझ्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तुझा गुडघा दुखतो हे मला तुझ्या पत्रातून कळलं. कोणता, ते अजून माहीत नाही. दुपारी मी झोपल्यावर तू काय करायचीस, ते माहीत नाही. तुला शिवण येतं हे माहीत होतं, आवडतं हे माहीत नव्हतं. दुसऱ्याच्या शाळेत जाऊन मी पोराला दोन प्रश्नांत ओळखायचो, त्याचा मला गर्व होता. घरात एकही प्रश्न विचारला नाही. उत्तर आपल्याला ठाऊकच आहे, असं धरून चाललो.

तो रविवार मला आठवत नव्हता. आता आठवतो. तू वाढणी घेऊन आलीस तेव्हा मी तुझ्याकडे बघितलंही नव्हतं, हेही आठवलं. त्या वाक्याची मला शरम वाटते. सोबत्यांना बोलावून हे सांगायला मी तयार आहे, पण त्याने तुला काय मिळणार ते कळत नाही.

म्हणून समजावत नाही, बोलवत नाही, फक्त विचारतो. तुला तिथे कसं वाटतं?

उत्तर काहीही असलं तरी त्यावर शेरा मारणार नाही.

तुझा

•

ता. ३० मार्च

अहो,

नमस्कार. पत्र गुरुवारी आलं. ते मी धाकटीला वाचायला दिलं नाही. ती अजून फुगून बसली आहे.

पहिल्यांदाच विचारलंत, म्हणून खरं उत्तर देते. मला इथे फार छान वाटतं. सकाळी खिडकीजवळ बसते तेव्हा मशीनवर ऊन येतं. बायका येतात, कापड पुढे करतात आणि गळा कसला घेऊ ते मला विचारतात. मी सांगते. मग त्या तसा गळा घेतात. मला काय कळतं, असं इथे कुणी म्हणत नाही. संध्याकाळी पाठ भरून येते, पण दिवसभर कुणी आपल्याला हसलं, हे आठवत झोपावं लागत नाही. दुखतो तो डावा गुडघा. मशीन चालवून तो उलट सैल झाला आहे.

त्या घराची मला आठवण येत नाही. तुमचीही येत नव्हती. गुरुवारी आली.

म्हणून मी परत येणार नाही, आणि हे मी रागाने लिहीत नाही. राग असता तर कधीच आले असते, भांडायला. तुम्हाला भेटावंसं वाटलं तर तुम्ही या. चार दिवस आधी कळवून या, जसं दुसऱ्याच्या घरी जातात तसं. दुकानात गर्दी असली तर बाहेरच्या बाकावर बसावं लागेल. तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची अक्कल मोजायची नाही. चहा मी करीन, कप तुम्ही विसळाल.

मग मी शेजारी बसेन आणि तुम्ही आणखी एखादा प्रश्न विचाराल. घाई नाही, मला उत्तरं द्यायची सवय नाही.

लोभ किती उरलाय ते मी मोजलेलं नाही. तुमच्याकडे असेल तेवढा घेऊन या.

डाव्या गुडघ्याची