मधली रेघ

धामापूर, ९ डिसेंबर २०२५

शाझिया,
स.न.वि.वि.

बाबांनी कपाटाची किल्ली करदोट्याला बांधली तेव्हा मी अजून ओरडतच होते. आत माझा फोन आहे. म्हणून हे पत्र. सावित्रीकाकी भाजी घेऊन मालवण बाजारात येते, ती तुमच्या दुकानावर देईल.

गिरणीवर आईला एका बाईने माझ्यावरून विचारलं की चेडवाच्या लग्नाक बोलवतलंस की एकदम बारशाक. आई दळण तिथेच टाकून घरी आली. आता माझं कॉलेज बंद. रविवारी विद्यापीठाच्या कबड्डी संघाची निवड आहे, आधी वजन घेणार आहेत; तिथेही जायचं नाही.

हे अक्षयाने पसरवलं. राखीव बसून कंटाळली होती, माझ्या डाव्या कोपऱ्याच्या जागेवर तिचा डोळा आहे. मी मैदानामागे घशात बोटं घालून ओकत होते ते तिने पाहिलं आणि सगळ्या पोरींना सांगितलं की सृष्टीला दिवस गेलेत. तिचं तोंड तसंच आहे. पण मला पंचाहत्तर किलोच्या आत यायचंय म्हणून मी ओकते, हे एकट्या तुला माहीत होतं. तिने सगळ्यांसमोर तुला विचारलं की खरं ना हे. तू खाली मान घालून गुडघ्याची पट्टी बांधत बसलीस. मी खोलीच्या दारातच उभी होते.

तुझा लोभ असेल असं समजून होते.

सृष्टी


मालवण, ११ डिसेंबर

सृष्टी,

तू स.न.वि.वि. लिहून शिव्या दिल्यास. मी ते न लिहिता देते.

शपथ कुणी घातली? सराव संपल्यावर तू मला मधल्या रेघेवर नेलंस, माझा हात मातीवर दाबलास आणि म्हणालीस की जीव गेला तरी वजनाचं कुणाला सांगायचं नाही. त्या रेघेवर घातलेली शपथ घालणारीनेच सोडवायची, तीही रेघेला हात लावून. आपल्या संघाचा हा नियम पहिल्या वर्षी तूच मला शिकवलास. मी गप्प बसले आणि त्यांनी तो होकार समजला. आणि दारात उभी होतीस तर तुझी वाचा कुठे गेली होती? सरांना कळलं असतं तर जागा गेली असती, म्हणूनच ना? जागा तुला हवी आणि अब्रू मी राखायची?

अम्मीला यातलं काही माहीत नाही. ती विचारते की ती जाडी हल्ली बांगडे खायला का येत नाही.

काल सरावात प्रत्येक चढाईला मी अक्षयालाच बाद केलं. सर म्हणाले की मैदानात बाकीच्याही आहेत.

सोबत पुडीत मधल्या रेघेची माती आहे. घरापुढच्या खळ्यात रेघ ओढ, हात लाव, मला सोडव. मग मी येऊन तुझ्या बाबांना सगळं सांगते. नाही सोडवलंस तर पुन्हा लिहू नकोस.

चिडलेली आणि तरी तुझीच,
शाझिया


धामापूर, १२ डिसेंबर

शाझिया,
स.न.वि.वि. राग गेलेला नाही.

पुडी वाटेत फुटली. सावित्रीकाकीने भाजीची माती समजून निम्मी झटकली. उरली तिची रेघ वीतभर झाली. खळ्यात ओढली आणि हात लावला. तू सुटलीस.

बाबा तिथेच सुपाऱ्या सोलत बसले होते. म्हणाले, ह्यां काय करतंस गो. मग मीच सांगितलं. वजन, ओकणं, दिवसभर नुसतं आमसुलाचं पाणी. आई म्हणाली की खोटां सांगता ही, खेळाक जावक व्हयां म्हणान. मी म्हटलं की खेळायचंच असतं तर हे सांगितलं नसतं. सरांना कळलं की ते मला काढणार. मग बाबांनी विचारलं की पोटभर शेवटची कधी जेवलीस. मला आठवेना.

तू आता आली नाहीस तरी चालेल. पण ये. अक्षयाला घेऊन ये. ती काय बोलली ते तिला माझ्या आईसमोर बोलू दे.

उरलाय तेवढा लोभ सांभाळ.

सृष्टी

ता.क. शनिवार. सकाळी बाबांनी करदोट्याची किल्ली सोडली, फोन हातात दिला आणि सांगितलं की इथेच बसून सरांना लाव. मी सरांना सगळं सांगितलं. रविवारी डाव्या कोपऱ्यात अक्षया उभी राहील. मग आईने पेज वाढली. मी दोनदा घेतली.