मास्तरांची कच्ची वही

प्रिय मितेश,

तुझी चिठ्ठी विजयदुर्गच्या निलेशने सुट्टीवर आल्या आल्या घरी आणून दिली. तुमच्या जप्त जहाजाला पिण्याचं पाणी पोचवणाऱ्या बोटीवर आपल्या इथला माणूस असावा, हे नशीबच. मालक पळालेला, तुम्हाला किनाऱ्यावर उतरायची बंदी, फोनला वीज नाही, याला आता सात महिने झाले. आणि तू पहिल्याच ओळीत लिहितोस की मी मजेत आहे. दुसऱ्या ओळीत, आई कशी आहे ते खरंखरं कळव. गाढवा, मजेतला माणूस असं बजावतो का?

माझा प्रबंध गेला एकदाचा विद्यापीठात. लोकांच्या डायऱ्या, पत्रं, आठवणी घेऊन पाच वर्षं बसले, पण खरा आधार आपल्या मसुऱ्यातल्या त्या एका वहीचा. लवू मास्तर गावातल्या बायकांची पत्रं आधी वहीत कच्ची लिहीत, त्यांना वाचून दाखवत, मग कार्डावर उतरवत. मरणाचं पत्र कोणी घरात ठेवत नाही, वाचलं की फाडतात, म्हणून आम्हा अभ्यासकांना ते मिळतच नाही. मास्तरांच्या वहीत मात्र सगळी तशीच राहिली होती. मला घबाड मिळाल्यासारखं झालं. पण वाचते तर मरणाचा उल्लेख कुठेच नाही! माणूस गेलेलं असलं तरी सगळीकडे आपलं, आई जरा नरम आहे, असशील तसा निघून ये. मग मी चौथ्या प्रकरणात ठणकावून लिहिलं, की हा खोटेपणा आहे आणि लिहिणाऱ्याने त्यात स्वतःची सुटका करून घेतली आहे. मार्गदर्शक बाईंनी समासात 'उत्तम' असा शेरा दिला. आईला वाचून दाखवलं तर ती उखडलीच. "लोकांची पत्रां वाचतंस आनि वर त्येंकाच गाळी घालतंस? तुका लिवची लागतली, तेवा कळतला!"

आंगणेवाडीच्या जत्रेच्या सुमारास मी तुला निलेशला फोन करून निरोप धाडला होता, आई बरी आहे म्हणून. ती बरी नव्हती रे. कावीळ म्हणून कसालच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पुढे पाठवलं, तिथे कळलं की आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. तुला सांगायचं नाही, हे तिनेच बजावलं. "तो थंयसून येतलो कसो? नुसतो तळमळतलो." मी ऐकलं. चौथं प्रकरण लिहिणारी तुझी विदुषी ताई!

चार दिवसांत तीन पत्रं लिहून चुलीत घातली. दर वेळी हात 'असशील तसा निघून ये' याच ओळीवर जातो. त्या बायकांच्या खोट्याला निदान काही अर्थ होता. माणूस निघायचा, घरी पोचायचा, आणि मग कळलं तरी त्याला धरायला चार हात असायचे. मी तुला कशी म्हणू, ये? मला काही म्हणजे काही सुचत नाही. इतकी पत्रं वाचली, त्यातलं एक कामाला येत नाही.

आई गेली, मितेश. आज बारा दिवस झाले. अग्नी मी दिला. शेवटी तिने तुझं नाव घेतलं असं लिहायचं फार मनात होतं, पण नाही घेतलं. कोकमाची सोलं उन्हात होती, ती उलटून ये, म्हणाली. मी अंगणात जाऊन परत आले, तेवढ्यात सगळं संपलं होतं. तू खरं विचारलंस म्हणून खरं लिहिलं, बरोबर केलं की चूक ते मला ठाऊक नाही. निलेश शनिवारी परत निघतोय. त्याला हात जोडून सांगितलंय, पत्र दिलंस की लगेच बोट वळवू नकोस, मितेशचं वाचून होईपर्यंत त्याच्याजवळ बस. मला एवढंच करता आलं रे.

तुझीच,
ताई