ओरखड्यांची जीप

अहो रेखाचे बापू,

तुम्ही जाऊन वर्ष होत आलं. एवढे दिवस मनातल्या मनात बोलत होते. पण आज साखर कारखान्याचा माणूस येऊन गेला आणि डोकं असं तापलं की कागदच पुढं ओढला. म्हणे, "वहिनी, फिटरसाहेबांच्या हातची एखादी पत्र्याची गाडी हाय का? चेअरमन साहेबांना काचेच्या कपाटात ठिवायचीय."

आता आठवण झाली यांना!

त्या दुष्काळात रानात ऊसच नव्हता. गाळप बंद, तुम्ही घरी. रिकामं बसवेना म्हणून चेअरमनच्या जीपला टेप लावून माप घेऊन आलात आणि पत्र्याची वीतभर जीप करायला घेतलीत. चाकं फिरायची, दारं उघडायची. किती देखणी! पण रंग काही बसेना. लावायचा, वाळवायचा, निरखायचा आणि परत खरडून काढायचा. "हातच गेला माझा," म्हणत ओसरीत बसून राहायचात. जेवायलासुद्धा उठत नव्हतात.

हात कशाला जाईल? रंगाआधी पत्रा पॉलिश पेपरनं घासायचा तो पाणी लावून, हे तुम्हीच मला सांगितलेलं. आणि घासत होतात कोरडाच! टँकर कधी यायचा, कधी नाही. मी वाटीभर पाणी पुढं केलं तर माझ्यावरच डाफरलात, "लेकींच्या प्यायच्या पाण्यानं गाडी घासू व्हय?"

मग ओरखडे पडणार नाहीत तर काय होईल?

तशीच घेऊन गेलात वार्षिक सभेला, साहेबांनी बघायला मागितली म्हणून. त्यांनी ती सगळ्यांसमोर उचलून धरली. "हिला खरूज झाली काय बे?" सगळा मंडप हसला. तुम्हीही हसलात म्हणे. घरी आलात आणि हातोडा घेतलात.

पहिला घाव बॉनेटवर बसला. दुसरा मी बसू दिला नाही.

"का म्हून मोडता?"

"नीट न्हाई ती. नीट नसलेली वस्तू घरात ठिवू न्हाई."

अहो, मग त्या वर्षी आपल्या घरात राहिलं काय असतं? मी तरी कुठं नीट होते?

आणि साहेबांची खरी जीप? ती कारखान्याच्या आवारात पाइप लावून धुतली जायची! माप घेऊन आलात तेव्हा तुमच्या चपला चिखलानं भरलेल्या होत्या. भर दुष्काळात चिखल! त्यावर एक शब्द बोलला नाहीत. सगळा राग स्वतःच्या हातांवर. हा कुठला न्याय? पुढं पाऊस झाला, गाळप सुरू झालं, तरी तुम्ही परत कधी पत्र्याला कात्री लावली नाहीत. याचा मला अजून लई राग आहे.

आज पेटीतून जीप काढून त्या माणसाला दाखवली. त्यानं उलटसुलट बघितली. "लई भारी. जरा बॉनेटचा पोचा काढून नवा रंग मारून घेऊ. ओरखडे दिसायलेत."

मी त्याच्या हातातून ती काढूनच घेतली. "चहा घ्या आन् निघा. गाडी मिळणार न्हाई."

"मग साहेबांना काय सांगू, वहिनी?"

"सांगा, पाणी कमी पडलं व्हतं."

तो चहा तसाच ठेवून गेला.

आता ती परत पेटीत जाणार नाही. दारातून आत येणाऱ्याला आधी तीच दिसेल, अशी फळीवर मांडलीय. शब्द देते, मी आहे तोवर तिच्यावर कुणाला ब्रश फिरवू देणार नाही. तुम्ही स्वतः येऊन मागितलीत तरी नाही. रागवायचं तर रागवा.

तुमची,
कौसल्या