मेहुणीचा गुडघा आणि प्रायव्हेट टूर

३ मे

ठरलं. बसची नोकरी संपली म्हणजे हा लोव्रे संपला असं नाही. आता स्वतःचा धंदा. प्रायव्हेट डे टूर : स्प्लिट, ट्रोगिर, शिबेनिक. क्रोएशियाच्या समुद्रकाठची तीन जुनी शहरं, एसी व्हॅन, अनुभवी ड्रायव्हर.

टूर शिबेनिकला संपते ती तिथल्या कॅथीड्रलमुळे. बायको टोन्का सध्या तिथे बहिणीकडे, मारेकडे आहे, हा निव्वळ योगायोग. मारेचा गुडघा दुखतो म्हणून फेब्रुवारीत मदतीला गेली. गुडघ्याचं दुखणं चिवट असतं.

शेजारच्या श्पिरोने विचारलं, बायकोला भेटायला गिऱ्हाईक कशाला लागतं? त्याला धंद्यातलं ओ की ठो कळत नाही.

५ मे

व्हॅन धुणार होतो. फ्याका आला. हातपाय आणि डोकं एकदमच संपावर जातात, कशाचीच इच्छा राहत नाही. आमच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात सगळ्यांनाच येतो. श्पिरो म्हणतो, फ्याका ऑगस्टमधे येतो, तुझा फेब्रुवारीपासून मुक्कामाला आहे. हवामान बदललंय म्हटलं.

उद्या व्हॅन नक्की.

६ मे

नाही.

११ मे

देव पावला. बुकिंग आलं. डेन्मार्कचे नवरा-बायको, एकवीस तारखेला.

लगेच शिबेनिकला फोन. टोन्का बाहेर निघाली होती, घाईत होती. मारेच्या गुडघ्याची चौकशी केली. टोन्का म्हणाली, आहे तसाच आहे. बिचारी मारे.

खिडक्या सगळ्या बंद. टोन्का असताना समोरासमोरच्या दोन्ही सताड उघडायची. आरपार वाऱ्याने मान धरते, कंबर जाते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण लग्न झाल्यापासून ती उघडतेय आणि मी लावतोय. आता घर शांत आहे. माझी मान मात्र तरीही धरलीय. जुना वारा असेल.

१८ मे

मारेकडे न्यायला पाव किलो कॉफीचं पाकीट आणलं. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायची आपल्यात पद्धत नाही. मग विचार केला, पाकीट नेतो तो पाहुणा. आपल्या माणसाकडे कोणी कॉफी घेऊन जातं का? मी जाणार आणि सहज म्हणणार, "चल टोन्का, गाडी खाली उभी आहे." संपला विषय.

पाकीट फोडलं. एक कप करून घेतला. चव लागली नाही. हल्ली कॉफीत भेसळ फार.

२१ मे, संध्याकाळ

टूर एकंदरीत यशस्वी.

व्हॅन धुवायची राहिली, पण पांढऱ्या गाडीवर धूळ कमी दिसते. पाहुण्यांनी एसी मागितला. मानेबद्दल समजावून सांगितलं. मग खिडकी मागितली. पुन्हा समजावलं. डेन्मार्कवाला ट्रोगिरपर्यंत टोमॅटोसारखा लाल झाला. थंड देशातली माणसं, सवय नसते.

ट्रोगिरच्या कॅथीड्रलच्या दाराशी एका बाजूला आदम, दुसऱ्या बाजूला हव्वा, दोघं आपापल्या सिंहावर उभे. बाईंनी विचारलं, इतके लांब का उभे केलेत? पाठ केलेलं सगळं विसरलो. मधे दार आहे म्हणून, असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

शिबेनिकला त्यांना कॅथीड्रलसमोर सोडलं. भिंतीवर दगडी मुंडकी आहेत ती बघा, आलोच, असं सांगून मारेच्या गल्लीच्या पायऱ्या चढलो. निम्म्यात थांबलो, तर वरून मारे उतरत होती. दोन्ही हातांत धुण्याच्या टोपल्या, आणि बकरीसारखी टणाटण. मला बघून जागच्या जागी उभी राहिली. मी म्हटलं, गुडघा बरा झालेला दिसतोय. ती म्हणाली, "लोव्रे, माझ्या गुडघ्याला कधी काही झालं नव्हतं रे."

याला म्हणतात जिद्द. दुखणं अंगावर काढलं पण कबूल करत नाही. म्हणजे टोन्का आता मोकळी झाली.

वरच्या मजल्याच्या दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. पडदे बाहेर उडत होते. आतून टोन्काच्या हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. पायरीवर बसलो. हात रिकामे होते, तसं वर जाणं बरं दिसेना.

बराच वेळ गेला असावा. खाली आलो तर पाहुणे नव्हते. बसने परत गेले म्हणे. बस ही उत्तम सेवा आहे, मी स्वतः चालवलेली आहे.

२२ मे

रिव्ह्यू आला. एक स्टार. ड्रायव्हर सज्जन वाटला पण दिवसभर तिथे नव्हता, असं लिहिलंय. सज्जन हा शब्द महत्त्वाचा.

टोन्काचा फोन. रविवारी येते म्हणाली, बोलायचंय. म्हटलं होतं ना! श्पिरोला ओरडून सांगितलं. त्याने टोमणा मारला नाही. जळत असेल.

२५ मे

घर झाडलं. तिच्या बाजूची उशी उन्हात टाकली. व्हॅनसुद्धा धुतली.

२६ मे, रविवार

बेल वाजली. वाटलं श्पिरो असेल, टोन्काकडे तर किल्ली आहे.

टोन्काच होती. केस कापलेत. माझ्या हातात पाव किलो कॉफीचं पाकीट दिलं.

मी विचारलं, "हे कशाला आणलंस?"

ती म्हणाली, "रिकाम्या हाताने कसं यायचं, लोव्रे?"

खुर्चीच्या कडेवर बसली. पर्स मांडीवरच. मग विचारलं, "खिडकी उघडली तर चालेल का?" इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, उघड की. एकच उघडली. नंतर जे बोलायचं होतं ते बोलली, हळू आवाजात, न रडता. मी हो हो म्हणत गेलो. कॉफी मीच केली, आधीच्या पाकिटातली. तिने कप विसळून ठेवला आणि आभार मानले.

निघताना तिच्याकडची किल्ली कॉफीच्या पाकिटावर ठेवून गेली.

२७ मे

श्पिरो येऊन बसला. मी म्हटलं, मारेचा गुडघा. तो म्हणाला, हो, गुडघ्याचं वाईटच.

नवीन पाकीट तसंच आहे. खिडकी उघडीच राहिलीय. मानेला काही झालं नाही.

टूरची जाहिरात बदलली. स्प्लिट आणि ट्रोगिर. शिबेनिक काढलं. लांब पडतं.